दुधाची राजदूत

आमच्या माणदेशात राजदूत हौसेनं आली नाही, दुधामागं आली. ‘बॉबी’ सिनेमातली ती बुटकी राजदूत शहरातल्या पोरांची. आमच्याकडं चालायची ती एकशे पंचाहत्तर. मागं वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतलेला लोखंडी सांगाडा, दोन्ही अंगाला दुधाचे कॅन, मध्ये पेंडीचं पोतं, आणि त्या पोत्यावर तालुक्याच्या शाळेला निघालेलं कुणाचं तरी पोरगं. पहाटे वस्त्यावस्त्यांवरनं या गाड्या निघायच्या. अंथरुणात पडल्यापडल्या आवाजावरनं सांगता यायचं, हा कोण चालला आणि आज त्याला किती उशीर झालाय.

हे इंजिन मूळचं पोलंडचं. तिकडं एसएचएल नावाची मोटरसायकल होती, तिच्या बेतावर एस्कॉर्ट्स कंपनीनं साठीच्या दशकात आपल्याकडं राजदूत काढली. जाहिरातीत धर्मेंद्र असायचा. एकच सिलिंडर, १७३ सीसी, तीन गिअर, सहा व्होल्टची लाईट. दोन स्ट्रोकचं इंजिन असल्यामुळं वाल्व नाही, टॅपेट नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, तेच आत जाऊन बेरिंगला, पिस्टनला वंगण देतं आणि जळून धुरावाटे निघून जातं. पान्यांचा एक जुडगा आणि थोडी अक्कल एवढ्यावर माणूस ती रस्त्याकडंला उघडून परत जोडू शकायचा. खेड्यात ती टिकली ती यामुळंच.

माझी गाडी १९८४ ची. मी १९८९ ला घेतली, सेकंडहँड, साडेसात हजाराला. चार हजार माझ्याकडं होते. उरलेल्यासाठी थोरल्या अक्कानं हातातल्या पाटल्या काढून दिल्या आणि म्हणाली, “सोडवून आणशील तवा आणशील.” पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली. त्या गाडीवर मी चोवीस वर्षं दूध घातलं. विहिरीचं खोदकाम, दोन लेकींची लग्नं, पोराचं आयटीआय, सगळं त्या दोन कॅनांतनं निघालं असं म्हणलं तर खोटं होणार नाही.

मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. जनावरं चारा छावणीत नेली. तिथं उसाचं वाढं खाऊन ती जगली, पण दूध आटलं ते आटलंच. छावणी उठली तशा चार गाया विकल्या. दूध नाही म्हणल्यावर गाडीला काम राहिलं नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली, वर पोतं टाकलं. नंतर नंतर कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायला लागल्या. आमच्या मंडळींना ती सोय पसंत होती.

अकरा वर्षं गेली. या अकरा वर्षांत घरातलं आणखी एक बदललं. व्यवहार पोराच्या हातात गेला. त्यात वाईट काही नाही, जायलाच पाहिजे. डाळिंबाचं औषध, ठिबकचं खत, बँकेतलं, सगळं तो मोबाईलवर बघतो आणि माझ्यापेक्षा बरं बघतो. पण त्याची मोटरसायकल सकाळी त्याच्याबरोबर कामाला जाते ती दिवस मावळताना येते. एसटी दिवसातनं दोनदा, त्यातली एक आली तर आली. सोमवारच्या बाजाराला जायचं म्हणलं की मला आदल्या रात्री विचारावं लागायचं, “उद्या जरा सोडतोस का रे?” तो नाही म्हणायचा नाही. पण खिशात स्वतःचे पैसे, अंगात चालण्याइतकं बळ, आणि बाजाराला जायला परवानगी मागितल्यासारखं तोंड करायचं, हे मला टोचायला लागलं होतं. मैतीला जायचं झालं तरी कुणाच्या तरी मागच्या सीटची वाट बघायची. साठी ओलांडलेल्या पुष्कळ गड्यांचं हे दुखणं आहे, कुणी बोलत नाही एवढंच.

त्यातच पुण्याकडचा एक तरुण गाडी बघायला आला. पंचवीस हजार देतो म्हणाला. हायवेला त्याच्या मित्राचा ढाबा होता, त्याच्या दारात रंगवून उभी करायची होती. पोरगा म्हणाला, “तात्या, द्या. भंगारात तीन हजार येत नाहीत.” मंडळी म्हणाल्या, “द्या की, तेवढ्यात विहिरीवरली मोटार भरून हुईल.” दोघांचंही बरोबर होतं. मी त्या माणसाला चहा पाजला आणि नाही म्हणालो. कारण विचाराल तर पाटल्या आठवल्या असं काही नाही. ढाब्याच्या दारात उभी राहण्याइतकी ती चांगली आहे, तर चालण्याइतकी का नसावी, एवढंच डोक्यात आलं.

दहिवडीच्या आमच्या मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं होतं. वय पंचाहत्तर, हाताला कंप. टेम्पोत घालून गाडी त्यांच्या अंगणात नेली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “चमकवायची हाय का चालवायची?”

“चालवायची.”

“किती लांब?”

“घाट उतरून फलटणच्या पुढं. आणि परत.”

“मग रंगाचं नाव शेवटपतूर काढायचं न्हाई. आन् हात तुमचं, नजर माझी.”

असा करार झाला. चार महिने, आठवड्यातनं दोन दिवस मी तिथं जात होतो. एसटीनं.

पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून बसला होता. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातनं डिझेल ओतायला लावलं आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. मी किक मारून बघू का म्हणालो तर म्हणाले, “दाताचं दुखणं हातोडीनं काढत्यात व्हय?” आठ दिवसांनी लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले, सुटला. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे होते. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवला की क्रँकच्या टोकाला टकटक लागत होतं. मिस्त्रींनी ते कानानंच ऐकलं आणि पिन-बेरिंगसह क्रँक भरून आणायला सांगितली. क्रँक म्हणजे दोन जड चकत्या, मध्ये दाबून बसवलेली पिन. ती प्रेसवर उघडतात, नवा रॉड घालतात, आणि परत दाबल्यावर दोन्ही बाजू एका रेषेत फिरतात का ते घड्याळ लावून तपासतात. हे काम साताऱ्याला झालं.

पिस्टनसाठी पुण्याला नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांचा तिथं मोठा बाजार आहे. राजदूत बनायची केव्हाच बंद झाली, पण तिचे भाग अजून निघतात, त्यातले काही फार हलके. मिस्त्रींची ताकीद होती की पिस्टन आधी आणायचा, बोअर मग मारायचा. पुष्कळजण उलटं करतात. आधी सिलिंडर लेथवाल्याकडं टाकतात आणि मग त्या मापाचा पिस्टन शोधतात. पण डबीवर काहीही माप लिहिलेलं असो, हातातला पिस्टन थोडा उणा-अधिक असतोच. तो मोजून त्याला धरून बोअर मारायचा, मध्ये अडीच ते तीन थाउ जागा ठेवायची. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जागा कमी पडली तर तापल्यावर पिस्टन फुगून धरतो, जास्त झाली तर खडखडतो. बोअर झाल्यावर सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या कडा बारीक कानशीनं मोडायच्या, नाहीतर रिंग तिथं अडकून तुटते. लेथवाला पोरगा ते करत नव्हता. मिस्त्रींनी चष्मा पुसून कानस माझ्या हातात दिली. “धार गेली पायजे, माप जायला न्हाई पायजे.” दोन तास गेले त्या कडांना.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महत्त्वाची वस्तू निघाली क्रँकची रबरी सीलं. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी खालच्या पेटीत येतं, तिथनं वर ढकललं जातं. ती पेटी हवाबंद पाहिजे. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ पडतं, गाडी आपोआप रेस होते आणि शेवटी पिस्टन धरते. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जाऊन मागनं पांढऱ्या धुराचा लोट निघतो. लोक कार्बोरेटरला शिव्या देत बसतात. मला आठवतं, आमच्या दूधवाल्यांपैकी एकानं एका वर्षात तीन कार्बोरेटर बदलले होते. सील तसंच.

टाकीत मूठभर बारीक खडी आणि डिझेल घालून ती पोत्यात गुंडाळली आणि मी आणि नातवानं आलटून पालटून हलवली. आतनं चहाच्या चोथ्यासारखा गंज निघाला. तीनदा केलं. ब्रेकच्या शूजना नवं लायनिंग मारलं, चाकांचे आरे ओढून घेतले, टायर-ट्यूब नवे घातले, केबली सगळ्या बदलल्या. वायरिंग जुनं उपसून साधं नवं केलं. बारा व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन करून घ्या असं पुण्याच्या दुकानदारानं सांगितलं होतं. ते बरं असतं, लाईट चांगली पडते, पॉइंटची कटकट जाते. पण ती पेटी वाटेत बंद पडली तर मला ती उघडता येणार नाही. पॉइंट मला उघडता येतात. मी पॉइंटच ठेवले.

पॉइंट लावायची मिस्त्रींची रीत बघण्यासारखी. गॅप चाळीसच्या पट्टीनं. मग दोन टोकांच्या मध्ये विडीच्या बंडलाचा पातळ कागद धरायचा आणि मॅग्नेट हळूहळू फिरवायचा. कागद ज्या क्षणी सुटून हातात येतो, त्या क्षणी ठिणगी पडते. तो क्षण पिस्टन वर पोचायच्या नेमका किती आधी पाहिजे, ते त्यांना मापानं पाठ होतं. कंप असलेल्या हातात कागद धरणं त्यांना जमेना, म्हणून कागद मी धरला. डोळे मिटून ते मॅग्नेट फिरवत होते. “सुटला?” “न्हाई.” “आता?” “सुटला.” “मग बांधा.”

पाचव्या किकला गाडी बोलली. अंगणात निळा धूर झाला. मिस्त्रीणबाई आतनं पदर नाकाला लावून आल्या आणि म्हणाल्या, “आलं का परत ते येड!”

आता रंग. काळा, तोही एका साध्या पेंटरकडं दिला. गाडी देखणी झाली. आणि दर पंधरा किलोमीटरला बंद पडायला लागली.

बंद पडायची, दहा मिनिटं उभी राहायची, परत चालू व्हायची. पोरगा काही बोलला नाही, पण दोनदा मला आणायला आला तेव्हा त्याच्या न बोलण्यातनं सगळं कळत होतं. मंडळी बोलल्या. विहिरीची मोटार त्यांनी परत काढली. तोवर चौतीस हजार गेले होते. माझ्या शेरडांचे, पण गेले होते.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी घाई केली नाही. रस्त्याकडंच्या बाभळीखाली गाडी लावली, विडी पेटवली आणि एकेक बघायला घेतलं. ठिणगी होती. कार्बोरेटरचा बोल उघडला तर कोरडा. कॉक चालू, टाकीत पेट्रोल, तरी खाली येत नव्हतं. टाकीचं झाकण उघडलं तर आत ‘सुस्स’ करून हवा गेली. झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरनं हवा आत यायला. पेंटरनं ते रंगानं बुजवलं होतं. सुईनं भोक मोकळं केलं, गाडी चालू झाली. मला वाटलं, संपलं.

दोन दिवस बरी चालली. मग परत तेच. या वेळी झाकण उघडून काही होईना, बोल भरलेला. तापलेल्या गाडीचा प्लग काढून हेडला टेकवला आणि किक मारली, तर ठिणगी पिवळी, मरतुकडी. गार झाल्यावर निळी. मिस्त्रींना फोन लावला. “पॉइंटावर ठिणग्या उडत्यात का बगा.” उडत होत्या. “कंडेन्सर. गरम झाला की मरतोय.” नवा आणलेला कंडेन्सर होता तो, नाना पेठेतला. मिस्त्रींनी त्यांच्या डब्यातला जुना, कंपनीचा काढून दिला. तो अजून चालतोय. तेव्हापासनं माझा एक नेम झालाय, नवा भाग घातला तरी जुना फेकायचा नाही, चांगला असेल तर डब्यात ठेवायचा. एकाच खुणेची दोन दुखणी होती. पहिलं सापडलं म्हणून दुसरं गेलं नव्हतं.

पहिले पाचशे किलोमीटर चाळिसाच्या वर नेली नाही. नवा पिस्टन, नव्या रिंगा, एकमेकांना घासून बसेपर्यंत दम धरावा लागतो. रोज आल्यावर प्लग काढून बघायचो. टोक कॉफीच्या रंगाचं असलं की मिश्रण बरोबर. पांढरं पडलं तर पातळ, काळं ओलं असलं तर जाड. डॉक्टर जीभ बघतो तसं ते.

ऑइलची मात्र आता गैरसोय आहे. पूर्वी पंपावर टू-टी ऑइलचं हाताचं यंत्र असायचं, पोरगा मोजून घालायचा. आता आमच्या पंपावरच्या पोरांना ते काय असतं तेच माहीत नाही. मी डिकीत बाटली आणि मापाचं झाकण ठेवतो. लिटरला चाळीस मिली, आधी ऑइल, वरनं पेट्रोल, मग गाडी दोनदा हिंदकळायची. आणि हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं. म्हणून पाईप नवीन तऱ्हेचा घातला आणि घरी यायच्या अलीकडं कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा करायची सवय लावून घेतली. हे इथेनॉल येतं उसाच्या मळीतनं, रसातनं. म्हणजे अक्काच्या रानातला ऊस कारखान्यामार्गे माझ्या टाकीत येतो, असं मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग त्याचं पैसं कुणी द्यायचं?”

तिच्याकडं पहिल्यांदा गेलो ते भाऊबीजेला. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. पोरगा म्हणत होता, मी सोडतो. मी म्हणालो, तू पोरांना घेऊन मागनं ये. सोबत घेतलं ते असं: प्लग दोन, पॉइंट, कंडेन्सर, क्लचची केबल, चेनचं लॉक, पाने, थोडी तार, पाण्याची बाटली.

मोगराळे घाटाच्या वर गाडी थांबवून हात लावून इंजिन बघितलं. खरी परीक्षा चढताना नसते, उतरताना असते, हे चारचौघांना पटत नाही. दोन स्ट्रोकच्या गाडीत ऑइल पेट्रोलबरोबर येतं. घाट उतरताना माणूस अ‍ॅक्सिलेटर सोडतो आणि गाडी गिअरवर घरंगळू देतो. इंजिन जोरात फिरत असतं आणि त्याला वंगण मात्र थेंबभर मिळत नाही. पिस्टन धरतात ते अशा उतारावर. म्हणून मधनंमधनं क्लच दाबून किंचित अ‍ॅक्सिलेटर द्यायचा, आतल्या पेटीला दोन घोट पाजायचे. दुधाच्या दिवसांत हे हाताला आपोआप यायचं. अकरा वर्षांनी हाताला ते आठवलं याचं मलाच नवल वाटलं. खाली फलटणचा हिरवा पट्टा दिसत होता, आमच्याकडनं बघितलं की तो दरवेळी जरा डोळ्यांवर येतो.

अक्काला आता डोळ्यांनी कमी दिसतं. मी दारात गाडी बंद केली तेव्हा ती ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. आत हाक मारून सुनेला म्हणाली, “दूधवाला आलाय, भांडं आण.” सुनेला काही कळेना. मग ती हसली आणि मला म्हणाली, “लई धूर करतीय रं अजून.” पाटल्यांचा विषय निघाला नाही. तिनं ओवाळलं, मी साडी दिली. तोवर पोरगाही पोचला होता. तो घाटात माझ्या मागंच होता, जरा अंतर ठेवून. मला आरशात दिसला होता. मी काही बोललो नाही, त्यानंही काही सांगितलं नाही.

सहा व्होल्टच्या लाईटवर रात्रीचा घाट चढायचा नाही असं मी ठरवलेलं आहे. इंजिन मंद झालं की दिवा मिणमिणतो. म्हणून मुक्काम केला आणि सकाळी प्लग बघून निघालो. रंग बरोबर होता.

नोंदणीचं नूतनीकरण झालंय, विमा आहे, धुराचं सर्टिफिकेट आहे. सोमवारचा बाजार मी माझा करतो. मंडळी गाडीवर बसत नाहीत, गुडघ्यामुळं टांग टाकता येत नाही म्हणतात, पण बाजारातनं आणायच्या यादीत त्यांनी दोन जिनसा वाढवल्यात. विहिरीची मोटार उन्हाळ्यात भरून घेतली, ते पैसे पोरानं घातले.

मिस्त्री यंदा माघात गेले. त्यांचा पॉइंट-कंडेन्सरचा डबा त्यांच्या पोरानं मला आणून दिला. त्यांच्या तोंडची मापं मी एका वहीत लिहून ठेवलीत, गॅप, टायमिंग, बोअरची जागा, जेटचा नंबर. नातू सातवीत आहे. परवा पॉइंट साफ करताना कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो इतका ओढून धरला की फाटलाच. विडीचं बंडल संपलं होतं, म्हणून वहीचा कागद घेतला, तो जाड पडला. पावसाळ्याच्या आत क्लचप्लेटा बघायच्यात. दुसऱ्या गिअरला चढावर जरा घसरतीय.